बुडालेल्या गावाचा पत्ता

मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट पुढे होते. मावळातला शेतकरी हरला, धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. त्या गावांचा पत्ता आज कसा सांगायचा?

गावकऱ्याचा पत्ता चतुःसीमेचा. खरेदीखतात लिहितात : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस डोंगर. वाचणारा थेट बांधावर जाऊन उभा राहतो. पण ओढा आणि वाटच बुडाली, की हा पत्ता मुका होतो.

दुसरा पत्ता अक्षांश-रेखांशांचा. तो पाण्याने पुसत नाही. मुळशीचा तलाव साधारण 18 अंश 30 मिनिटे उत्तर, 73 अंश 30 मिनिटे पूर्व असा सापडतो. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणून दशांशात हेच 18.5 आणि 73.5 होते. चुकून 18.30 लिहिले, तर आपण सुमारे 22 किलोमीटर दक्षिणेला जातो.

पण रेखांश मोजायचा कोठून? आपले ज्योतिषी उज्जैनपासून मोजत. अरबी ग्रंथांत ते नाव गेले आणि एक नुक्ता गळून ‘अरीन’ झाले. 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच ठरले. हिंदुस्थानची मोठी मोजणी लॅम्टनने 1802 साली मद्रासला सुरू केली. तिचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून काढलेले. त्या वेधशाळेचा रेखांशच सुमारे 2 मिनिटे 27 सेकंदांनी जास्त धरला गेला होता. पुढे तो दुरुस्त झाला. मात्र त्याआधीच्या नकाशावरचा आकडा आज मोबाइलमध्ये जसाच्या तसा घातला, तर मुळशीचे गाव चार किलोमीटरांहून अधिक पूर्वेला दिसेल.

ती दुरुस्ती केली तरी थोडा फरक उरतो. जुन्या नकाशांमागे एव्हरेस्टने 1830 साली काढलेला पृथ्वीचा आकार आहे, तर मोबाइलमध्ये ‘डब्ल्यूजीएस 84’ हा वेगळा आकार. त्यामुळे पुन्हा शंभरेक मीटरांचे अंतर पडते. शेताचा शोध घेणाऱ्याला एवढ्यात दुसऱ्याचे शेत लागते.

म्हणून धरणात गेलेल्या आपल्या घराची जागा कोणी शोधत असेल, तर त्याने नुसता आकडा उतरवून घेऊ नये. नकाशाचे साल, समासातली बारीक टीप आणि मोजणीची पद्धतही शेजारी लिहून ठेवावी. आणि चतुःसीमा सांगणारे कोणी म्हातारे माणूस गावात असेल, तर तीही आजच लिहून घ्यावी. गाव कुठे होते ते आकडा सांगेल. तिथे कोणाच्या शेजारी कोण राहत होते, ते चतुःसीमाच सांगेल.