बंजारा भरतकाम : हाताचे कोणते, मशीनचे कोणते, आणि जुनी काचळी विकण्याआधी काय करावे

पुसद : तालुक्यात बंजारा तांडे भरपूर आहेत. वसंतराव नाईक साहेबांचे गहुलीही इथलेच. पण बंजारा पेहराव रोज अंगावर दिसतो तो आता म्हाताऱ्या याडींच्याच. लेकी-सुना तो लग्नात, होळीला, तीजेला घालतात, आणि तोही बऱ्याचदा बाजारातून आणलेला मशीनचा.

घेरदार घागऱ्याला फेटिया म्हणतात. पाठीवर नाड्यांनी बांधायची ती काचळी. डोक्यावरची ओढणी म्हणजे टुकरी, काही ठिकाणी छांटिया. त्यावर आरसे, कवड्या, जुनी नाणी, लोकरीचे गोंडे. पूर्वी हा समाज बैलांवर मीठ-धान्य लादून देशभर फिरायचा, त्याला लदेणी म्हणत. रेल्वे आली अन् लदेणी बसली. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्काही मारला, तो १९५२ मध्ये निघाला. एवढ्या फिरतीत बायांच्या हातची सुई मात्र थांबली नाही.

खरे काम ओळखायचे तर कपडा उलटा करून पाहा. हाताच्या कामात मागच्या बाजूला गाठी दिसतात, टाका थोडा कमी-जास्त असतो. आरसा दोऱ्याच्या गोल विणीत धरलेला असतो, डिंकाने चिकटवलेला नाही. मशीनच्या कामात मागे एकसारखा बारीक दोरा आणि बहुतेक वेळा पांढरे अस्तर असते. मशीनचे घेऊ नये असे नाही, पण हाताचे म्हणून हाताच्या भावात घेऊ नका.

आता मुद्द्याचे. तांड्यावर व्यापारी येतात, जुनी काचळी-फेटिया चार पैशांत नेतात. पुढे ती कापून पिशव्या, उशांचे अभ्रे होतात आणि शहरात महाग विकले जातात. आपल्या टाक्यांचे पुस्तक कुठे लिहिलेले नाही, ते त्या कपड्यावरच आहे. विकायचेच असेल तर आधी पुढून-मागून जवळून फोटो काढा. प्रत्येक टाक्याचे नाव याडीच्या आवाजात मोबाईलमध्ये भरून ठेवा. म्हातारी गेल्यावर विचारणार कोणाला?

कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी बायांनी हेच काम धंदा म्हणून उभे केले. लंबाणी म्हणजे आपलेच बंजारा. 'संडूर लंबाणी भरतकाम' या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. ते नाव तिथल्या मालापुरते आहे, पुसदच्या मालावर लावता येत नाही. इथला माल इथल्याच नावाने विकावा.

भावाचा हिशेब साधा ठेवा. कापूस वेचायला गेलेल्या बाईला त्या दिवशी जेवढी मजुरी मिळते, तेवढी तरी भरतकामाच्या प्रत्येक दिवसाला धरा. वर कापड, दोरा, आरसे, कवड्या यांचा खर्च. घरबसल्या हौसेचे काम म्हणून बाईचे दिवस मोजायचेच नाहीत, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कमी भावात माल मागणारा याच खोडीवर कमावतो.

कारागिरांसाठी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून 'पहचान' ओळखपत्र मिळते, भरतकाम करणाऱ्यांनाही. बचत गटातल्या बायांनी उमेदच्या तालुका कक्षात विक्री प्रदर्शनांची चौकशी करावी. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, भरतकाम वेगळे नाही. "भरतकामाचा फॉर्म भरून देतो" म्हणत कोणी पैसे मागितले तर देऊ नका.