हापूसच्या पोटातला दोष : फळपारखीचा इतिहास, बोरघाट ते तळेगाव

१/ २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. पुणे-खंडाळा गाडी १८५८ पासूनच धावत होती; पण खंडाळ्याखालचा घाट पालखीने, तट्टावरून किंवा पायी उतरावा लागे. ही तूट सांधली गेली आणि मावळ व पुणे परिसरातील ताजी फळे-भाजी मुंबईच्या आवाक्यात आली. १८६९ मध्ये मुंबईत क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले.

२/ या सोयीबरोबर एक अडचणही आली. आठवडी बाजारात गिऱ्हाईक वांगे दाबून, काकडी मोडून, आंबा हुंगून घेई. दोष दिसला की घासाघीस समोरासमोर होई. आता पिकवणारा घाटावर आणि घेणारा घाटाखाली. माल ‘डागी’ की ‘चोख’, हे शेतकऱ्याच्या पाठीमागे ठरू लागले.

३/ मुंबईच्या आंबा बाजारात तर रुमालाखाली बोटे दाबून दर ठरविण्याची रीत होती. कोणत्या डागासाठी किती पैसे कापले, हे बागायतदाराला कळण्याचा मार्ग नव्हता. सर्वांना ठाऊक असलेली लेखी मोजपट्टी नसेल, तर पारख हे ज्ञान न राहता सत्ता बनते.

४/ १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेतील उणिवांवर बोट ठेवले. पुढे १९३७ चा कृषी उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) कायदा आला. ‘ॲगमार्क’ हे चिन्ह त्यातूनच रूढ झाले. आकार, पक्वता, डाग, कूज यांच्या मर्यादा आता कागदावर उतरू लागल्या.

५/ परंतु काही दोष कागदालाही सापडत नाहीत. १९३२ आणि १९३३ मध्ये मुंबई इलाख्यातून युरोपला प्रायोगिक तत्त्वावर आंबा पाठविण्यात आला. त्यावरील चीमा आणि दाणी यांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्राशी जोडलेले फलोद्यानतज्ज्ञ जी. एस. चीमा ते हेच. ‘चीमा साहेबी’ द्राक्षाला त्यांचेच नाव आहे. हापूसमधील ‘साक्या’ची पहिली शास्त्रीय नोंद म्हणून याच अहवालाचा दाखला दिला जातो.

६/ साका म्हणजे काय? बाहेरून फळ निर्दोष दिसते. साल केशरी, वास मोहक. कापल्यावर मात्र कोयीभोवतीचा गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. डोळा, नाक, बोट ही पारख्याची तिन्ही साधने येथे हरतात. फसगत गिऱ्हाइकाची होते. पत मात्र बागायतदाराची जाते.

७/ कारणांचा शोध लांबला. १९७१ मध्ये म्हैसूरच्या संशोधकांनी तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधले. नंतरच्या अभ्यासांनी फळातच रुजण्याची तयारी करणाऱ्या कोयीवर बोट ठेवले.

८/ उपाय त्यातूनच निघाले : झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि फळ झाडावर पूर्ण पिकू न देता ‘चौदा आणे’ तयार असताना उतरवावे. कोकणातील संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ ही जात निर्माण केली. ती १९८१ मध्ये प्रसारित झाली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन १९९२ मध्ये ‘सिंधू’ आली.

९/ १९९३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी फळ न कापता क्ष-किरणांनी साका ओळखता येतो, हे दाखवून दिले. तरीही पेटी घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आजही सुरीच आहे.

१०/ बोरघाटातून आलेली गाडी लोणावळा ओलांडून पुण्याकडे निघाली की वाटेत तळेगाव दाभाडे लागते. राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था तेथेच आहे. काढणीनंतर माल कसा हाताळावा, याचे शिक्षण शेतकऱ्याला तेथे मिळते. या इतिहासातील खरे वळण हेच. जी मोजपट्टी एके काळी रुमालाखाली होती, ती पिकवणाऱ्याच्या हाती येऊ लागली. आपल्या मालातला दोष ज्याला खरेदीदाराआधी दिसतो, तो दराच्या बोलणीत मान खाली घालून बसत नाही.