पिकअपमध्ये टॅकोमीटर बसविताना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कांदा आणि भाजीपाला माळशेज घाटमार्गे कल्याणकडे नेणाऱ्या पिकअपला तीव्र उतार लागतो. भरलेली गाडी फार खालच्या गिअरमध्ये उतरू लागल्यास चाकेच इंजिनाला फिरवितात. डिझेलचा पुरवठा थांबला तरी फेरे मर्यादेपलीकडे जाऊन इंजिनाची हानी होऊ शकते. हा धोका वेळीच दाखविणारे उपकरण म्हणजे टॅकोमीटर. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे त्यावर दिसतात.

मूळ गाडीत ते नसल्यास बाहेरून बसविता येते. पेट्रोल इंजिनात त्यासाठीचा संकेत इग्निशन कॉइलकडून मिळतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने तो अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून घेतात. त्यामुळे खरेदीपूर्वी मीटर डिझेलसाठीचा आहे, याची खात्री करावी.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. चार तारा जोडाव्या लागतात: चावी फिरविल्यावर मिळणारा १२ व्होल्टचा पुरवठा (फ्यूजसह), अर्थिंग, दिव्याची तार आणि संकेताची तार. इंजिनकक्षातून तार आत आणताना पत्र्याच्या छिद्रात रबरी बूच बसवावे; अन्यथा तार घासून शॉर्टसर्किट होते.

शेवटी मीटर जुळवून घ्यावा. समजा, अल्टरनेटर इंजिनाच्या २.२ पट वेगाने फिरतो आणि त्यात ध्रुवांच्या ६ जोड्या आहेत. तर इंजिनाच्या ८०० फेऱ्यांना सेकंदाला १७६ स्पंद मिळतात. हे गणित चुकले, तर काटा सुरक्षित दिसेल आणि इंजिन मात्र धोक्यात असेल.