व्हर्च्युअल मशीन झोपेतून उठल्यावर इंटरनेट का जातं? ते परत कसं आणायचं?

कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू सुरू ठेवायचं, तसंच लॅपटॉपचं झाकण मिटायचं, बारामतीहून एसटीनं फलटणला घरी यायचं आणि रात्री मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उरलेलं काम करायचं. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा हा नेहमीचा क्रम. अशाच एखाद्या रात्री लॅपटॉप उघडल्यावर विंडोजमध्ये यूट्यूब व्यवस्थित चालतं, पण विंडोजच्या आत चालणाऱ्या उबंटूत एकही पान उघडत नाही. सकाळी प्रॅक्टिकलचं सबमिशन असतं.

अशा वेळी वैतागून सगळी व्हर्च्युअल मशीनच काढून टाकायची आणि नव्यानं बसवायची, हा मोह होतो. पण उबंटूची फाइल पाच-सहा जीबीची असते. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळणाऱ्या पॅकवर ती उतरवायला तीन-चार दिवस लागतात. शिवाय आतले प्रोग्रॅम आणि डेटाबेस जातात ते वेगळंच. खरं तर बहुतेक वेळा यातलं काहीच करावं लागत नाही. नेमकं काय बिघडलं हे कळलं, तर काम पाच-दहा मिनिटांचं आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरच्या मदतीनं चालवलेला दुसरा संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. खऱ्या संगणकाला 'होस्ट' म्हणजे यजमान म्हणतात आणि आतल्या संगणकाला 'गेस्ट' म्हणजे पाहुणा. विद्यार्थ्यांमध्ये व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही दोन सॉफ्टवेअर जास्त दिसतात. व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीनं आणलं. ते पुढे सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ पासून आहे आणि २०२४ पासून ते फुकट मिळतं.

पाहुण्याचं नेटवर्क कार्डही आभासीच असतं. ते बाहेरच्या जगाशी मुख्यतः दोन प्रकारे जोडलं जातं. 'नॅट' प्रकारात पाहुणा यजमानाच्या आडून इंटरनेट वापरतो. बाहेरच्या राउटरला फक्त लॅपटॉप दिसतो. 'ब्रिज' प्रकारात पाहुणा राउटरसमोर स्वतंत्र संगणक म्हणून उभा राहतो आणि स्वतःचा आयपी पत्ता मागतो. आपली मशीन कोणत्या प्रकारात आहे, हे तिच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतं.

सस्पेंड केल्यावर नेमकं काय होतं?

मशीन सस्पेंड केली किंवा तिची स्थिती 'सेव्ह' केली, की तिच्या मेमरीत जे काही असेल ते जसंच्या तसं डिस्कवर लिहिलं जातं. पुन्हा सुरू केल्यावर तेच मेमरीत परत येतं. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावरही यजमानाबरोबर पाहुणा असाच थिजतो.

पाहुण्याच्या दृष्टीनं मधला वेळ गेलेलाच नसतो. फलटणहून पुण्याला निघालेल्या प्रवाशाचा लोणंदला डोळा लागावा, पुण्यात जाग यावी आणि आपण अजून लोणंदलाच आहोत असं समजून त्यानं रिक्षावाल्याला पत्ता सांगावा, तसा हा प्रकार आहे. प्रवाशाचं डोकं ठिकाणावर असतं, फक्त गाव बदललेलं असतं.

एरवी संगणकाची केबल काढली किंवा वाय-फाय बदललं, की 'जोडणी तुटली, पुन्हा जुळली' अशी सूचना ऑपरेटिंग सिस्टिमला मिळते आणि ती नवा पत्ता मागते. सस्पेंडमध्ये ही सूचनाच पोचत नाही. म्हणून पाहुणा जुन्याच माहितीवर चालत राहतो.

नेटवर्क का तुटतं?

पहिलं कारण म्हणजे आयपी पत्ता. राउटर हा पत्ता डीएचसीपी या पद्धतीनं ठरावीक मुदतीसाठी, भाडेपट्ट्यासारखा देतो. एरवी अर्धी मुदत संपली की संगणक स्वतःहून नूतनीकरण मागतो. थिजलेली मशीन ते मागू शकत नाही. ब्रिज प्रकारात नेटवर्कच बदललं असेल, तर घोळ आणखी वाढतो. समजा कॉलेजात १९२.१६८.१.३५ हा पत्ता मिळाला होता आणि घरच्या हॉटस्पॉटचे पत्ते १९२.१६८.४३ नं सुरू होतात. मग जुना पत्ता इथे चालत नाही.

दुसरं कारण डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. नॅटमध्ये अनेकदा यजमानाचाच डीएनएस पाहुण्याला दिला जातो. यजमानाचं नेटवर्क बदललं तरी पाहुणा कॉलेजच्याच डीएनएसला विचारत राहतो.

तिसरं कारण घड्याळ. शनिवारी थिजवलेली मशीन सोमवारी उठली आणि तिचं घड्याळ शनिवारवरच राहिलं, तर काही सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्राची चूक दाखवतात. नेटवर्क चालू असतं, पण पान उघडत नाही.

चौथं कारण मदतनीस सॉफ्टवेअर. सस्पेंड होताना व्हीएमवेअर टूल्स पाहुण्याचं नेटवर्क बंद करू शकतात आणि उठताना पुन्हा सुरू करतात. यातलं दुसरं पाऊल फसलं, की नेटवर्क बंदच राहतं.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

१. यजमानात इंटरनेट चालतंय का ते पाहा. तिथेच नसेल, तर पाहुण्याचा दोष नाही.

२. पाहुण्यात घड्याळ आणि तारीख पाहा.

३. पाहुण्याचा आयपी पत्ता पाहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये तो सहसा १०.०.२.१५ असतो. पाहुणा विंडोज असेल आणि पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही.

४. टर्मिनलमध्ये 'पिंग' आज्ञेनं ८.८.८.८ हा पत्ता तपासा आणि मग एखाद्या संकेतस्थळाचं नाव तपासा. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. दोन्हीला येत नसेल, तर पत्ता किंवा जोडणी पाहावी लागेल.

उपाय: सोप्यापासून सुरुवात

पहिला उपाय म्हणजे आभासी केबल काढून पुन्हा लावणं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन चालू असतानाच 'डिव्हायसेस' मेनूतल्या 'नेटवर्क'मध्ये 'कनेक्ट नेटवर्क अडॅप्टर'वरची खूण काढा, दहा सेकंद थांबा आणि पुन्हा खूण करा. व्हीएमवेअरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या सेटिंगमधली 'कनेक्टेड' ही खूण तशीच काढून लावा. सस्पेंडमध्ये राहून गेलेली सूचना यानं पाहुण्याला मिळते आणि तो नवा पत्ता मागतो. अनेकदा काम इथेच संपतं.

दुसरा उपाय पाहुण्याच्या आतून. उबंटूच्या सेटिंगमध्ये वायर्ड जोडणी बंद करून पुन्हा सुरू करा. विंडोज पाहुणा असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा आधी 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' हा पर्याय जोडून चालवा. दोन्ही पर्यायांआधी तिरकी रेघ लागते.

उबंटूत वायर्ड जोडणीच दिसत नसेल, तर नेटवर्क मॅनेजर बंद राहिलेला असू शकतो. टर्मिनलमध्ये 'सुडो एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत लिहा.

तिसरा उपाय विंडोज यजमानावर व्हीएमवेअर वापरणाऱ्यांसाठी. विंडोजच्या 'सर्व्हिसेस' खिडकीत 'व्हीएमवेअर नॅट सर्व्हिस' आणि 'व्हीएमवेअर डीएचसीपी सर्व्हिस' अशी दोन नावं असतात. लॅपटॉप झोपेतून उठताना त्या बंद पडल्या असतील, तर त्यांच्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा.

घड्याळ मागे असेल, तर पाहुण्यातली 'आपोआप वेळ' ही सोय बंद करून पुन्हा सुरू करा. तरी वेळ बदलली नाही, तर हातानं लावा.

यानंतरही जमलं नाही, तर फाइल्स सेव्ह करून पाहुणा आतूनच रीस्टार्ट करा. बूट होताना तो सगळी माहिती नव्यानं मागतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उपायानं परत येत नाही. सस्पेंडच्या वेळी अर्धवट असलेलं डाउनलोड किंवा दूरच्या सर्व्हरशी चालू असलेलं लॉगिन समोरच्या बाजूनं केव्हाच सोडून दिलेलं असतं. ते पुन्हा सुरू करावं लागतं.

घाईत काय करू नये?

व्हर्च्युअलबॉक्समधल्या 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट'चा अर्थ चालू संगणकाची वीज काढून घेणं असा होतो. डिस्कवरच्या फाइल्स राहतात, पण सेव्ह न केलेलं काम जातं. जुन्या 'स्नॅपशॉट'वर परत गेल्यास त्यानंतर केलेलं सगळं काम पुसलं जाऊ शकतं. 'रिमूव्ह' करताना 'डिलीट ऑल फाइल्स' निवडलं, तर मशीनची डिस्कच जाते. नेटवर्कच्या दोषासाठी या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

रोज दोन-तीन नेटवर्कवर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी नॅट हा प्रकार सोयीचा. कॉलेजचं वाय-फाय बदलून हॉटस्पॉट आलं, तरी पाहुण्याचा १०.०.२.१५ हा पत्ता तोच राहतो. ब्रिज प्रकारात मात्र लॉगिन पान असलेल्या वाय-फायवर पाहुण्याला वेगळं लॉगिन लागू शकतं. ब्रिज हवंच असेल, तर व्हीएमवेअरमध्ये 'रेप्लिकेट फिजिकल नेटवर्क कनेक्शन स्टेट' ही खूण करा. मग यजमानाचं नेटवर्क बदललं, की पाहुण्याचाही पत्ता आपोआप नवा होतो.

व्हर्च्युअलबॉक्सचं 'गेस्ट अॅडिशन्स' किंवा व्हीएमवेअरसाठी 'ओपन व्हीएम टूल्स' पाहुण्यात बसवलेलं असावं. मशीन उठल्यावर घड्याळ जुळवण्याचं काम तेच करतं. पाहुण्याच्या सेटिंगमधली स्वतःहून झोपण्याची सोय बंद ठेवा, कारण त्या झोपेतून आभासी नेटवर्क कार्ड नीट उठेलच असं नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना मशीन सस्पेंड न करता शटडाउन करा. बूट होण्यात मिनिटभर जास्त जातं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ते वसूल होतं.