खांदेरीचा दिवा

रोह्याहून कुंडलिकेने खाली आलेले गलबत मुंबईकडे वळले, की वाटेत थळसमोर खांदेरी बेट लागते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी जहाजे पाठवून काम अडवू पाहिले. मुंबईची ये-जा बेटावरून दिसेल, ही धास्ती! १८६७ मध्ये त्याच किल्ल्यात इंग्रजांनीच दीपगृह उभारले, तेही टेकडीवर. कारण पृथ्वीचा बाक. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.६ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दिवा समुद्रापासून ४९ मीटरवर मानला, तर सुमारे २५ किलोमीटर. डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला तो आणखी दुरून दिसेल. किती, ते मुलांना दोन्ही अंतरांची बेरीज करून काढू द्या.