दूध, पाणी आणि कायदा

आमच्या मौद्याला कन्हान नदी जवळ आणि गोठेही जवळ, त्यामुळे दुधातल्या पाण्यावरचे विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सरकार मात्र या पाण्याच्या मागे फार पूर्वीपासून लागले आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत भेसळीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. पण भेसळीने पदार्थ अपायकारक व्हायला हवा. नुसते पाणी अपायकारक कसे ठरवणार? गवळी सुटला!

ही पळवाट १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने बंद केली. दुधातल्या स्निग्धांशाचे प्रमाण ठरले. त्याखाली गेलेले दूध भेसळीचे. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करी, ते टिकावेत म्हणून त्यांत फॉर्मालिन घाली. मग कोर्टात तारखांवर तारखा.

२००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याने पाणी आणि विष वेगळे केले. दूध केवळ कमी प्रतीचे असेल तर पाच लाखांपर्यंत दंड. असुरक्षित अन्नाने कुणी दगावले तर जन्मठेपही.

त्याच वर्षीच्या देशव्यापी पाहणीत १,७९१ पैकी ६८.४ टक्के नमुने निकषात बसले नाहीत. केवढा गहजब झाला! पण त्यांत नुसते पातळ दूधही मोजले होते. २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी घातक भेसळ निघाली अवघ्या १२ मध्ये. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होते.

हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ढेपेला, चाऱ्याला बुरशी लागते, ती जनावराच्या पोटात जाते आणि तिचे विष दुधात उतरते. दूध उकळले तरी ते जात नाही. म्हणजे दीडशे वर्षे कायदा चोर शोधत राहिला आणि इथे चोरच नाही!

ती पाहणी पन्नास हजारांवर वस्तीच्या शहरांची होती. मौद्यासारखी गावे त्यात नव्हती. आमच्या धानपट्ट्यात पावसात तणस भिजते, ढेपेची पोती ओलीत पडून राहतात. छापे पडावेतच, चोराला शिक्षा व्हावीच. पण ढेपेचे पोते जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा, हे गोठ्यात जाऊन सांगणारा माणूसही सरकारने पाठवावा. नातवंडांच्या पेल्यातले दूध त्याने जास्त निर्धोक होईल, असे मला वाटते.

तुमच्या गावी ढेप कशी ठेवतात? जरूर कळवा.