वेणुग्राम ते लंडन : कोणते संग्रहालय पाहावे?

आपल्या हिंडलगा-बेळगाव भागात आता असे घर शोधावे लागेल, ज्यातले कुणी ना कुणी परदेशात नाही. मुलगा किंवा मुलगी लंडनला स्थिरावली, की कधीतरी आईवडिलांचाही व्हिसा होतो आणि घरात दोन याद्या तयार होऊ लागतात. एक यादी न्यायच्या वस्तूंची. तीत भाजणी, मेतकूट आणि बेळगावचा कुंदा असतोच. दुसरी यादी पाहायच्या ठिकाणांची, आणि तिथेच गोंधळ होतो. लंडनमधली बहुतेक मोठी सरकारी संग्रहालये कायम मांडणीसाठी विनामूल्य आहेत, म्हणून सगळीच पाहावीशी वाटतात. मुलांना सुट्टी दोन-तीन दिवसांची, आपले गुडघे साठीचे. मग एका दिवसात तीन इमारती धावत पाहायच्या, दाराशी फोटो काढायचा आणि घरी येऊन काय पाहिले ते आठवायचे नाही, असे होते.

आकडा पाहिला तर निवडीला पर्याय नाही हे लगेच पटेल. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत. त्यांतल्या साधारण ८० हजार, म्हणजे शंभरातली एक, दालनात मांडलेली असते. प्रत्येक मांडलेल्या वस्तूसमोर एकच मिनिट थांबायचे ठरवले आणि रोज सात तास उभे राहिलो, तरी सहा महिने पुरणार नाहीत. म्हणून ‘सगळ्यात प्रसिद्ध काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आपल्या मातीतून इथे काय आले आणि कोणत्या वाटेने आले?’ हा प्रश्न सोबत न्यावा, असे मला वाटते. त्या प्रश्नामागे इतिहासाचा एक लांब धागा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या मुख्य कचेरीत ग्रंथालय आणि संग्रहालय सुरू केले. चार्ल्स विल्किन्स हे तिथले पहिले ग्रंथपाल. हिंदुस्थानातून गेलेली हस्तलिखिते, शस्त्रे, कापडाचे नमुने, मूर्ती, वनस्पती असे सगळे तिथे साठत गेले. १८५८ साली कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला आणि हा संग्रह एका इमारतीतून दुसरीत फिरत राहिला. अखेर १८७९ साली तो मोडला. कलाकुसरीच्या वस्तू आणि शस्त्रे मुख्यतः साउथ केन्सिंग्टनला गेली. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. पुरातन शिल्पांचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियमला मिळाला, वनस्पती क्यू बागेला. कागदपत्रे आणि हस्तलिखिते सरकारच्या इंडिया ऑफिसकडे राहिली आणि पुढे ब्रिटिश लायब्ररीत आली. भाऊ वेगळे निघाल्यावर घरातली भांडी वाटली जावीत, तसे हे झाले. आपला एकच इतिहास तीन घरांत का शोधावा लागतो, याचे उत्तर या वाटणीत आहे.

पहिले घर ब्रिटिश म्युझियम. १७५९ साली लोकांसाठी उघडलेले. गणेशोत्सवाच्या अंकात सांगायलाच हवे, की ओडिशातून गेलेली तेराव्या शतकातली गणेशाची एक देखणी पाषाणमूर्ती या संग्रहात आहे. पण बेळगावकराला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे बेळगावहून तिथे गेलेले दोन शिलालेख. लायोनेल बार्नेट या विद्वानाने ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात छापले. शके ११२७, म्हणजे इ.स. १२०४ मधले हे लेख. त्यांत सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा भाऊ युवराज मल्लिकार्जुन यांचा कारभार वेणुग्रामाहून चालत असल्याचे येते. वेणुग्राम म्हणजे आपले बेळगाव. रट्टांचा मंत्री बीचिराज याने बांधलेल्या रट्ट-जिनालयाला दिलेली दाने या लेखांत नोंदलेली आहेत. जमिनीबरोबर बाजारातल्या मालावरची काही देणीही देवालयाच्या नावे लावलेली आहेत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही बेळगाव ही व्यापाराची पेठ होती. किल्ल्यातली कमल बस्ती त्याच काळातली आणि त्याच बीचिराजाच्या नावाशी जोडलेली. बस्ती आपल्याकडे, दानपत्र लंडनमध्ये, असा हा योग.

याच म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची संगमरवरासारखी दिसणारी शिल्पे एका खास दालनात आहेत. लोक ती पाहून पुढे जातात. आपण थोडे थांबावे, कारण ती खणून काढणाऱ्या वॉल्टर एलियटचे आपल्या भागाशी नाते आहे. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरवर चालून आलेला धारवाडचा कलेक्टर थॅकरे लढाईत मारला गेला आणि त्याचे दोन साहाय्यक राणी चन्नम्मांच्या हाती सापडले. त्यांतला एक हा विशीतला एलियट. डिसेंबरात तो सुटला. कैद भोगलेल्या मुलखाचा त्याने राग धरला नाही. उलट पुढची काही वर्षे याच भागात राहून त्याने शेकडो कन्नड शिलालेखांच्या नकला करवून घेतल्या. नंतर गुंटूरकडे बदली झाल्यावर १८४५ साली त्याने अमरावतीचे उत्खनन केले. ती शिल्पे आधी मद्रासला आणि १८५९ साली लंडनला पोहोचली. कित्तूरचा कैदी आणि अमरावतीचा संग्राहक हा एकच माणूस आहे, हे कळल्यावर त्या दालनातले दगड आपल्याशी वेगळे बोलू लागतात.

दुसरे घर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. महाराष्ट्राला ते २०२४ पासून वाघनखांमुळे घरोघरी ठाऊक झाले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या कराराने वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. त्यांची हकीगत नीट समजून घ्यावी. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याचा रेसिडेंट होता. मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास त्याने १८२६ साली प्रसिद्ध केला. त्याच्या घराण्यातून ही वाघनखे म्युझियमला मिळाली. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. अफझलखानाच्या वधासाठी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द म्युझियमच सांगते. आपल्या इतिहास संशोधकांतही यावर मतभेद आहेत. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा पराक्रम एखाद्या पोलादी पंजाच्या खरेपणावर अवलंबून नाही. म्हणून श्रद्धेने नमस्कार करावा, पण फलकावरचा मजकूरही पूर्ण वाचावा.

त्याच म्युझियममध्ये टिपूचा लाकडी वाघ आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावरच्या लुटीतला. वाघनखे भेट म्हणून गेली, वाघ लूट म्हणून गेला. तिसरी वाट बाजाराची. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. या तलवारीचे पाते युरोपी घडणीचे आहे. आपल्याकडे अशा पात्याला ‘फिरंग’ म्हणत. युरोपात घडलेले पाते नागपूरकरांच्या कमरेला लागले, पुन्हा युरोपात गेले आणि तिथून दाम मोजून परत आले. वस्तूंचेही प्रवास असे असतात.

तिसरे घर ब्रिटिश लायब्ररी. फिरायला आलेले लोक इथे फारसे येत नाहीत, पण इतिहासाची आवड असलेल्याने हे टाळू नये. इंग्रजांच्या सुरत, राजापूर, कारवार आणि हुबळी येथील वखारींचा पत्रव्यवहार इथल्या दप्तरात आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, त्याची शिक्षा म्हणून १६६१ साली महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैद केले. १६७३ साली मराठ्यांनी हुबळी लुटली, तेव्हाही इंग्रजांनी भरपाईचा तगादा लावला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची बोलणी याच तक्रारींची होती. आपल्या राजाला जवळून पाहणारा परका माणूस काय लिहितो, हे वाचण्यात वेगळी मौज आहे. मूळ कागद पाहायला वाचक-पास लागतो. तो विनामूल्य मिळतो, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा.

या तीन घरांखेरीज दोन लहान घरे यादीत हवीतच. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. तिथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. आता ते स्मारक आहे. तिथून परतल्यावर तीन वर्षांतच, १९२५ साली, निपाणीच्या बहिष्कृत परिषदेला बाबासाहेब आले होते, ही आठवण नातवंडांना त्या दारात सांगावी. दुसरे घर हायगेट भागातले, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली उघडलेले ‘इंडिया हाऊस’. सावरकर इथे राहिले, तशी निळी पाटी बाहेर आहे. घर खाजगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावे. त्याच सावरकरांना एप्रिल ते जुलै १९५० या काळात, स्वतंत्र भारताच्या सरकारने, आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवले होते. एकाच माणसाच्या आयुष्याची दोन टोके हायगेट आणि हिंडलगा ही आहेत. मते कोणाची काहीही असोत, हा इतिहास आपल्या गावाच्या वेशीवरचा आहे.

तीन दिवस असतील तर बेत असा करावा. पहिल्या दिवशी फक्त ब्रिटिश म्युझियम. त्यातही हिंदुस्थानचे आणि अमरावतीचे दालन आधी, दमलो तर बाकीचे सोडून द्यावे. दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिश लायब्ररी आणि दुपारी ती दोन घरे. टॉवरमधला कोहिनूर पाहायला तिकीट काढावे लागते आणि गर्दी मोठी असते. वेळ उरला तर जावे, पण त्यासाठी वरचे काही गाळू नये. निघण्यापूर्वी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर वस्तूचे नाव शोधून ती दालनात मांडलेली आहे की कोठारात, हे पाहून घ्यावे. दालने दुरुस्तीसाठी बंद असतात, वस्तू बाहेरगावी गेलेल्या असतात. बेळगावचे शिलालेखही दालनात दिसतीलच असे नाही, म्हणून आधी विचारणा करणे बरे.

आता जरा अवघड वाटणारी गोष्ट. बेळगावचे ते लेख जुन्या कन्नड लिपीत आणि मुख्यतः कन्नड भाषेत आहेत. हुतात्मा स्मारकासमोर दर १ जूनला मान लववणाऱ्या आपल्या समाजात हे मोकळेपणाने सांगताना काहींना संकोच वाटतो. ‘त्यांच्या हाती आयते कोलीत कशाला द्या?’ असे विचारले जाते. मला हा संकोच अनाठायी वाटतो. मराठी माणसाचा आजचा हक्क त्याच्या आजच्या जगण्यावर उभा आहे. घरात बोलली जाणारी भाषा, मुलांची शाळा आणि लोकांचे मत हा त्याचा पाया. १२०४ सालच्या दगडाने तो हक्क घटत नाही आणि दगड लपवल्याने वाढतही नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ ओळींबरोबर मराठी ओळ कोरलेली आहे. ती आपण अभिमानाने मिरवतो. मग वेणुग्रामची कन्नड ओळही आपल्या गावाची म्हणून तेवढ्याच मोकळ्या मनाने वाचावी. आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावी लागली, यावर आपले म्हणणे आहे आणि राहील. पण त्या शिकण्याचा एक फायदा असा, की लंडनच्या त्या दगडावरचा मजकूर समजून घेण्याची वाट आपल्यातल्या पुढच्या पिढीला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जवळची आहे. हा फायदा आपण का सोडावा?

आणि एक शेवटची सूचना. लंडनच्या यादीआधी घरची यादी पुरी करावी. किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छतावरचे दगडी कमळ किती जणांनी निवांत पाहिले आहे? कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटेने युरोपातून पंचगंगेकाठी आलेला हा पाहुणा निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर आहे. तो पाहून मग ज्याने लंडनची वाट धरली, त्याला तिथली दालने परकी वाटणार नाहीत. कोणत्या वस्तूपुढे थांबायचे आणि कोणती ओलांडून पुढे जायचे, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.